मधल्या पायऱ्या

मुलांना भुताखेतांच्या गोष्टी कोणत्या वयात सांगाव्यात, हा प्रश्न कोकणातल्या घरांनी कधी कुणा तज्ज्ञाला विचारला नाही. समोर कोण बसलंय ते बघून आजी गोष्ट बेतायची. चार वर्षांच्या नातवासाठी मुंजा पिंपळाच्या फांदीवर बसून नुसते पाय हलवायचा. दहा वर्षांच्या नातवाला तोच मुंजा तिन्हीसांजेला पाणंदीत आडवा यायचा. आणि मिसरूड फुटलेल्या नातवाला एक दिवस कळायचं, की मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेलं ते कुणाच्या तरी घरचं पोर होतं, आणि त्याच्या आईने पुढे त्या पिंपळाखालची वाटच सोडली. गोष्ट तीच, भूत तेच. ऐकणारा मोठा झाला, तशी गोष्टही मोठी झालेली.

सिनेमाला ही सोय नाही. तो एकदा तयार झाला की झाला. समोर आठ वर्षांचं मूल असो की साठीचे आजोबा, पडदा दोघांना एकच गोष्ट एकाच आवाजात सांगतो. मग जादूचा, राक्षसांचा, अद्भुताचा सिनेमा प्रेक्षकाबरोबर वाढणार कसा? या शतकाच्या पहिल्या दशकात एका इंग्रजी चित्रपटमालिकेने यावर एक तोड काढली. दुसऱ्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव लावलेल्या चित्रपटाने वेगळी तोड काढली. हे पुस्तक त्या दोन प्रयोगांविषयी आहे, आणि त्यांच्या मध्ये मराठीत जी जागा रिकामी पडली आहे, तिच्याविषयी जास्त आहे.

पहिला प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा. 'हॅरी पॉटर'चा पहिला चित्रपट नोव्हेंबर 2001 मध्ये आला, आठवा आणि शेवटचा जुलै 2011 मध्ये. नायकाचं काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ सुरुवातीला 12 वर्षांचा होता; शेवटचा चित्रपट लागला तेव्हा त्याला 22 वं पुरं व्हायला आठवडाभर उरला होता. आठही चित्रपटांत तेच चेहरे, आणि दर खेपेला थोडे लांब झालेले हातपाय. थिएटरात बसलेली पोरंही त्याच वेगाने वाढत होती. चौथीत असताना पहिला चित्रपट पाहिलेलं मूल शेवटचा पाहायला आलं ते कॉलेजचं ओळखपत्र खिशात घालून.

मालिका उत्तरोत्तर काळोखी होत गेली, असं सर्रास म्हटलं जातं. पण नेमकं काय बदललं? मरण तर पहिल्यापासून होतं. हॅरीचे आईवडील गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मारले गेलेले आहेत. मात्र ते मरण लांबचं, ऐकीव. पहिले दोन चित्रपट ख्रिस कोलंबस यांनी केले. त्यांत पक्वान्नांनी भरलेली टेबलं आहेत, हवेत तरंगणाऱ्या मेणबत्त्या आहेत, ऊबदार पिवळा उजेड आहे. 2004 च्या तिसऱ्या चित्रपटाला अल्फोन्सो क्वारोन आले आणि हवाच पालटली. पावसात आगगाडी मध्येच थांबते, खिडकीच्या काचेवर बर्फ चढत जातं, आणि डब्यात जे शिरतं ते माणसाला मारत नाही. त्याच्या आतला आनंद तेवढा ओढून घेतं. 2005 च्या चौथ्या चित्रपटात, माइक नेवेल यांच्या, एका शाळकरी मुलाचं प्रेत भर मैदानात येतं. बँड वाजत असतो, लोक टाळ्या पिटत असतात, आणि काय झालंय ते कळल्यावर गर्दीतून त्या मुलाचा बाप हंबरडा फोडत खाली उतरतो. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी सावधगिरीचा इशारा देणारं प्रमाणपत्र अमेरिकेत या मालिकेला पहिल्यांदा मिळालं ते याच चित्रपटाला.

मला स्वतःला सगळ्यांत काळा प्रसंग त्याच्याही पुढचा वाटतो. डेव्हिड येट्स यांच्या 2007 च्या पाचव्या चित्रपटात सरकारने नेमलेली एक बाई शाळेत येते. गुलाबी कपडे, गोड बोलणं, खोलीच्या भिंतींवर मांजरांची चित्रं असलेल्या बशा. शिक्षा म्हणून ती हॅरीला एकच वाक्य पुन्हापुन्हा लिहायला बसवते आणि शाई देत नाही. तो लिहू लागतो, तसतशी ती अक्षरं त्याच्या हाताच्या कातडीवर कोरली जातात. बाई चहात साखर ढवळणाऱ्या माणसाच्या शांतपणाने बघत असते. पंधरा वर्षांच्या मुलाला जगाविषयी नेमकं हेच नव्याने कळत असतं: छळणाऱ्याला शिंगं असावी लागतात असं नाही, सहीशिक्का असला तरी पुरतो.

म्हणजे रक्ताचं माप वाढलं म्हणून ही मालिका काळोखी झाली, हे खरं नाही. भीतीचं ठिकाण सरकत गेलं. आधी शाळेच्या तळघरात दडलेला राक्षस, मग मनात उतरणारी उदासी, मग सोबत्याचं मरण, मग सत्ता, आणि अखेरीस नायकाच्या स्वतःच्याच आत घर करून बसलेला शत्रूचा अंश. दहा वर्षांत एकेक करत या पायऱ्या चढवल्या गेल्या आणि मधली एकही गाळली गेली नाही. म्हणून चौथीतलं पोर न ठेचकाळता वर पोचलं.

हे शहाणपण लंडनच्या स्टुडिओतच जन्मलं असं मात्र कुणी समजू नये. शिमग्यात गुहागर, चिपळूण, रत्नागिरीकडच्या वाडीत खेळे येतात तेव्हा संकासुराकडे बघावं. अंगभर काळा पेहराव, डोक्यावर उंच निमुळती टोपी, झाकलेला चेहरा, लोंबती पांढरी दाढी, कंबरेला घुंगरं. पुराणातला शंखासुर म्हणजे वेद पळवणारा दैत्य, मत्स्यावतारात विष्णूने मारलेला. अंगणात उतरलेला संकासुर मात्र भिववतो, नाचतो, खिदळतो, आणि बाया त्याला नवसही बोलतात. पाच वर्षांचं पोर घुंगरांचा आवाज आला की माजघरात दडी मारतं. दहा वर्षांचं त्याला डिवचून धूम ठोकतं. आणि विशीतला चाकरमानी, मुंबईहून रात्रीची गाडी पकडून शिमग्याला आलेला, एखाद्या वर्षी तोच काळा पेहराव स्वतःच्या अंगावर चढवतो. ज्याला घाबरून तो माजघरात लपायचा, त्याच्या आत आता तो उभा असतो. दारामागची पोरं कशाला घाबरतात हे तिथून नीट दिसतं.

नमनाची रात्रही याच अकलेने रचलेली आहे. आधी गण, मग गवळण, तिच्यातल्या मावशीची आणि पेंद्याची थट्टामस्करी, आणि त्यानंतर वग. हसायचं ते सगळं आधी. रात्र चढून वगातली कपटकारस्थानं सुरू होईपर्यंत लहान पोरं आयांच्या मांडीवर आडवी झालेली असतात. मांडवाच्या दारात कुणी वय विचारत नाही. झोपच ते काम बिनबोभाट करून टाकते. थोडी मोठी झालेली पोरं डोळे ताणून जागतात, आणि ज्या वर्षी वग संपेपर्यंत जागं राहता येतं, त्या वर्षी आपण मोठ्यांत गेलो हे ज्याचं त्यालाच कळतं.

आता दुसरा प्रयोग. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड नावाचं गाव आहे. मराठी वाचकाला ते ठाऊक झालं श्री. ना. पेंडसे यांच्यामुळे. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावात 1913 साली जन्मलेल्या पेंडशांनी 1987 मध्ये 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी दिली. एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा चढउतार तिच्यात आहे. राही अनिल बर्वे यांनी आपल्या चित्रपटासाठी तिथून उचललं ते गावाचं नाव. गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतलं, आणि धारपांनी ती स्टीफन किंग यांच्या एका कथेवरून बेतलेली. अमेरिकेतली एक म्हातारी अशी पुण्यामार्गे खेड तालुक्यात उतरली. इथल्या पावसाने तिला इथलीच करून टाकलं.

बर्वे यांनी या गोष्टीचा पहिला खर्डा 1997 मध्ये लिहिला, वयाच्या अठराव्या वर्षी. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक इंग्लंडात छापून आलं तेही त्याच वर्षी. 'तुंबाड'चं चित्रण 2012 मध्ये सुरू झालं. मग पुन्हा लिहिणं, पुन्हा चित्रण, पुन्हा संकलन. 2018 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली, आणि 12 ऑक्टोबरला तो आपल्याकडे लागला. पॉटरमालिकेत आठ चित्रपटांत मिळून वाढलेलं वय इथे एका चित्रपटाच्या निर्मितीतच मुरलेलं आहे. पोरसवदा वयात लिहिलेली भुताची गोष्ट चाळिशीला टेकलेल्या माणसाने पुरी केली, आणि ते पडद्यावर दिसतं.

चित्रपटाचे तीन भाग आहेत: 1918, 1933 आणि 1947. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी पुढचे तीन परिच्छेद तूर्त ओलांडून जावेत.

पहिल्या भागात विनायक लहान आहे. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि घरात साखळदंडाने जखडलेली एक म्हातारी आहे. तिला वेळेवर जेवू घालायचं, आणि ती उठलीच तर देवीच्या गर्भात कोंडलेल्या हस्तर या राक्षसाचं नाव घ्यायचं, म्हणजे ती झोपते. कोकणातल्या जुन्या घरांत दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. नाव घेतलं की ते येतं. पॉटरमालिकेतल्या खलनायकाचं नाव घ्यायलाही त्या जगातली माणसं याच कारणाने कचरतात. 'तुंबाड'मध्ये हा धाक उलटा फिरवला आहे. इथे नाव घेतल्याने म्हातारी निजते, पण नाव पुन्हापुन्हा घेऊन मुलाच्या मनात हस्तर मात्र पक्का जागा होतो. आई घरी नसते त्या रात्री म्हातारीपुढे जेवणाचं ताट न्यायची पाळी विनायकावर येते. हातात ताट, समोर काळोख, आणि काळोखातून येणारा आवाज. इथवर ही आजीच्या गोष्टीतलीच भीती आहे: राक्षसीण तिकडे आहे आणि आपल्याला पळायचं आहे. तरी बर्वे एक ठिणगी टाकून ठेवतात. जिवावर बेतल्यानंतरही या पोराच्या डोक्यात घोळत राहतो तो खजिना, कारण त्याचा ठावठिकाणा म्हातारीला ठाऊक आहे.

दुसऱ्या भागात परत न येण्याचा आईला दिलेला शब्द मोडून मोठा झालेला विनायक परत येतो. म्हातारीच्या देहातून झाड उगवलेलं आहे आणि तरीही ती जिवंत आहे. तिच्याकडून तो रहस्य काढून घेतो. विहिरीतून देवीच्या गर्भात दोराने उतरायचं, भोवती पिठाचं रिंगण आखायचं, हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकायची, आणि तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मुद्रा ओरबाडायच्या. नीट पाहिलं तर इथे बाजू पालटली आहे. हस्तरला सोनं मिळालं, अन्न कधीच मिळालं नाही. तो जन्माचा उपाशी. त्या उपाशाला खाऊ दाखवून लुबाडणारा माणूस आहे, आणि दर खेपेला पुण्याला परतताना त्याच्या कंबरेला थोड्याच मुद्रा असतात, कारण सगळ्या एका वेळी घेतल्या तर पुन्हा यायचं निमित्त उरणार नाही की काय, असं वाटण्याइतकी त्याला त्या येरझाऱ्यांची चटक लागलेली आहे.

तिसऱ्या भागात विनायकाचा मुलगा पांडुरंग बापाच्या हाताखाली हाच धंदा शिकतो. पाय अधू, डोकं तल्लख. थोड्याथोड्या मुद्रा कशाला, लंगोटच का काढून घेऊ नये, आणि त्यासाठी बाहुल्या भरपूर का नेऊ नयेत, ही कल्पना त्याची. तिचं पर्यवसान काय होतं ते पाहणाऱ्यांना माहीत आहे. शेवटी राक्षस झालेला बाप तो लंगोट मुलापुढे धरतो, आणि मुलगा हात मागे घेतो. पहिला भाग विचारतो, राक्षस कुठे आहे? दुसरा विचारतो, राक्षसाकडून काय काढता येईल? तिसरा विचारतो, राक्षसाला इतकी वर्षं जेवू कोण घालतंय? नकार देणाऱ्या पांडुरंगाचं आणि साखळदंडातल्या म्हातारीचं अशी दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच मुलाने केली आहेत. जिला हाव सोडता आली नाही ती आणि ज्याने सोडली तो, दोघांच्या कातडीखाली एकच पोर आहे. ही निवड योगायोगाची असली तरी अर्थाने चपखल आहे.

रत्नागिरीच्या वाचकाला ही भूक परीकथेतली वाटत नाही. पेंडशांच्या कादंबरीत ती खोतीच्या रूपाने आहे. जमीन कसणाऱ्याच्या वाट्यातून आपला वाटा उचलणारी ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. ती कायद्याने गेली 1949 मध्ये. चित्रपटातला वाडा स्वातंत्र्याबरोबर सरकारजमा व्हायची वेळ येते, ती याच सुमाराची. अद्भुतकथेला असा खरा पाया मिळाला की प्रेक्षकाच्या वयानुसार तिच्यातून वेगवेगळा अर्थ निघतो. लहानाला म्हातारी दिसते, तरुणाला सोनं दिसतं, आणि सातबाऱ्यावरून भावाभावांचं वैर पाहिलेल्या माणसाला आपलंच घर दिसतं.

पण इथेच एक अडचण उभी राहते. 'तुंबाड'ला प्रमाणपत्र मिळालं ते केवळ प्रौढांसाठीचं. पहिल्या आणि शेवटच्या भागाच्या केंद्रस्थानी लहान मुलं असलेला, आणि ज्यातला सगळ्यांत मोठा नैतिक निर्णय बारा-तेरा वर्षांचा मुलगा घेतो असा हा चित्रपट त्या वयाच्या मुलाला थिएटरात पाहता येत नाही. प्रमाणपत्र चुकीचं होतं असं मला म्हणायचं नाही. त्यातली दृश्यं पाहता ते योग्यच होतं. 2018 मध्ये जे 12 वर्षांचे होते ते 2024 मध्ये 18 चे झाले, आणि 13 सप्टेंबर 2024 ला चित्रपट पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून जास्त कमाई केली. त्याची कारणं अनेक असतील. मध्यंतरी प्रेक्षकांची एक तुकडी वयात आली, हे त्यांतलं एक. पॉटरमालिका आपल्या प्रेक्षकाचा हात धरून चढली. 'तुंबाड' वरच्या मजल्यावर प्रेक्षकाची वाट बघत थांबला.

खालच्या मजल्यावर आपल्याकडे काय आहे? तिथे मराठी श्रीमंत आहे. रत्नाकर मतकरींनी 1962 मध्ये 'बालनाट्य' ही संस्था सुरू केली. त्यांचं 'अलबत्या गलबत्या' 2018 मध्ये, म्हणजे 'तुंबाड'च्याच वर्षी, चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात नव्याने रंगभूमीवर आलं. चेटकीण झाले देवरुखचे वैभव मांगले. प्रेक्षागृहातली पोरं किंचाळून अलबत्याला सावध करत होती आणि चेटकीण त्या पोरांनाच दटावत होती. भीती आणि हसू एका घासात भरवायची ही जुनी तऱ्हा अजून चालते, हे त्या प्रयोगांनी दाखवून दिलं. याच मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि 'खेकडा'सारख्या कथेने वाचकाची झोप उडवली. एका लेखणीने दोन्ही टोकं सांभाळली. पण चेटकिणीवर खिदळलेल्या पोराला 'खेकडा'पर्यंत नेणारं मधलं काही पडद्यावर आलं नाही.

पडद्यावर जे आलं ते तपासू. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' 1993 चा. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल. त्या काळच्या पोरांनी रात्री दिवा लावून झोपावं इतपत भीती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नक्कल करावी इतपत मजा. दुसरा भाग आला 2013 मध्ये, वीस वर्षांनी. पहिल्या भागाची पोरं तोवर तिशीत पोचली होती. चित्रपट थ्रीडी झाला, बाहुला अधिक चकचकीत झाला, पण भीती होती तिथेच राहिली. प्रेक्षक वाढला आणि मालिका वाढली नाही, याचं मराठीतलं हे ठळक उदाहरण.

उलट उदाहरणही आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश, शाळकरी पोरगा होता. आदित्य सरपोतदार यांनी 2017 मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला तो त्याला मोठा करून, आणि त्याच्यासमोर चोर-दरोडेखोर न आणता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा आणला. भागवत वाचून वाढलेल्या पिढीला आपला बनेश आपल्याबरोबर वाढलेला भेटला. हेच सरपोतदार जून 2024 मध्ये 'मुंज्या' घेऊन आले. कोकणातलं गाव, पिंपळ, आणि लग्नाचा हट्ट धरून बसलेला, वय थांबलेला पोरगा. मुंजा हे भूत मुळात अर्ध्यावर अडकलेल्या वयाचं. मुंज झाली म्हणून बालपण संपलं आणि सोडमुंज झाली नाही म्हणून मोठेपण आलं नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला आईबापांच्या शेजारी बसून पाहता येईल असा हा चित्रपट होता, आणि त्या मुलांनी तो उचलून धरला. पण 'तुंबाड'प्रमाणे 'मुंज्या'ही हिंदीत. गावं आमची, भुतं आमची, पाऊस आमचा, आणि बोलणं दुसऱ्या भाषेतलं.

बाजाराचं गणित मला कळत नाही असं नाही. मराठी चित्रपटाला इतका खर्च झेपत नाही, हे उत्तर ठरलेलं आहे आणि ते बरंचसं खरंही आहे. तरी भीतीची मधली पायरी बांधायला दर वेळी कोटींचा खर्च लागतो, हे मला पटत नाही. पॉटरमालिकेतला हातावर अक्षरं कोरण्याचा प्रसंग एका खोलीत, एका टेबलाशी, दोन नटांत घडतो. तिथे खर्च झाला आहे तो लेखनाचा. हॅरी पॉटरची पुस्तकं भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठीत आणली आणि आपल्या मुलांनी ती वाचली. म्हणजे या वयाला या चवीची भूक नाही, असंही म्हणता येत नाही.

सरकारी नियमांनी तर ही रिकामी जागा आता कागदावर मोजून दिली आहे. 2024 पासून चित्रपटांच्या प्रमाणपत्रांत पालकांच्या सोबतीने पाहायच्या वर्गाचे तीन पोटभाग झाले आहेत: यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. मूल एकदम मोठं होत नाही, टप्प्याटप्प्याने होतं, हे कायद्याने मान्य केलं. मात्र टप्प्यांवर शिक्के मारण्यासाठी आधी त्या टप्प्यांवर काहीतरी उभं असावं लागतं. सात वर्षांसाठी मराठीत भरपूर सांगण्यासारखं आहे. अठरानंतरही आहे. तेरा आणि सोळा या आकड्यांपुढे लिहायला मराठी अद्भुताचं नाव शोधावं लागतं.

ते न शोधल्याने बिघडतं काय, असं कुणी विचारेल. मुलं भिण्यावाचून राहत नाहीत. ती मोबाइलवर, एकटी, पांघरुणात, मिळेल ते पाहतात. कुणीही बेतून न दिलेली भीती त्यांच्यापर्यंत पोचते. तिच्यात संकासुरासारखं हसू नसतं, आणि पाहून झाल्यावर प्रश्न विचारायला शेजारी कुणी नसतं. भीतीच्या गोष्टीचं अर्धं काम गोष्ट संपल्यावर सुरू होतं. म्हातारी अशी का झाली, हस्तर उपाशी का राहिला, बाईने त्या पोराला शाई का दिली नाही, यावर घरात बोलणं होतं तेव्हा मूल पुढची पायरी चढतं. नुसतं किंचाळून झोपी गेलेलं मूल आहे तिथेच राहतं.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात पॉटरमालिकेचे आठ चित्रपट एकेक करून घेतले आहेत आणि प्रत्येकात भीती कुठे बसली आहे ते दाखवलं आहे. दुसरा भाग 'तुंबाड', पेंडसे आणि धारप यांच्यावर आहे. तिसऱ्यात नमन-खेळ्यांपासून 'मुंज्या'पर्यंतचा आपला हिशेब आहे, जमेचा आणि तुटीचाही. शिक्षकांनी तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल. पालकांनी मात्र पहिल्यापासून वाचावं, आणि जो चित्रपट ज्या वयाला सांगितला आहे तो त्या वयाच्या मुलाच्या शेजारी बसून पाहावा. रिमोट हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊ नये.

जे लिहितात, नाटकं बसवतात, कॅमेरा हाताळतात त्यांना वेगळी विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात राखणदार आहेत, वेताळ आहेत, चकवे आहेत; ज्या घरांना वर्षातून फक्त गणपतीत आणि शिमग्यात माणसांचं तोंड दिसतं अशी कुलूपबंद घरं वाडीवाडीत आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला सांगावी अशी गोष्ट त्यांतल्या प्रत्येकात आहे. ती लहान मुलांसारखी गोड करू नका आणि मोठ्यांसारखी रक्तबंबाळही करू नका. मराठीत लिहा. चित्रपट नाही झाला तर एकांकिका होऊ द्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात होऊ द्या. यूए 13+ चा शिक्का बसेल अशी एक चांगली मराठी अद्भुतकथा हे पुस्तक वाचून कुणी लिहायला घेतली, तर ते लिहिल्याचं सार्थक झालं असं मी मानेन.